हेड गॅस्केट बदललं, आता इंजिन फिरतंय पण सुरू होत नाही

चौथा_गिअर
मंडळी, जरा डोकं लावा. गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, टर्बो नाही, टायमिंग बेल्टवाली. अ‍ॅक्सिलरेटरला अजून केबल आहे, म्हणजे जुन्या धाटणीची. कूलंट कुठे गळताना दिसत नव्हतं, पण कमी होत होतं आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर यायचा. हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय असं निदान झालं. ओळखीच्या मेकॅनिकने आमच्याच पार्किंगमध्ये हेड उतरवलं, फेसिंग (तळ घासून सपाट) करून आणलं आणि नवं गॅस्केट, नवे हेड बोल्ट, नवा टायमिंग बेल्ट, टेन्शनर सगळं टाकलं. हेड बाहेर होतं तेव्हा गाडी काही दिवस तशीच उघडी पडून होती.

आता जोडणी पूर्ण झाली. सेल्फ मारला की इंजिन छान फिरतं, पण पकडत नाही. मधूनच एखादा ठसका देतं, तेवढंच. मेकॅनिकचं मत, 'ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला असणार, नाहीतर सेन्सर.' तो आता दुसऱ्या कामात अडकलाय. माझ्याकडे मल्टिमीटर, पान्यांचा सेट आणि मोबाइलला जोडायचा ओबीडी डोंगल (ईसीयूमधले दोषांचे कोड आणि आकडे दाखवणारा) आहे. डोंगलवर एकच कोड दिसतो, पी ०३४०, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सेन्सरचा. नवा सेन्सर मागवून टाकू का?

तेलकट_हात
काहीही मागवू नका. आधी एक सांगा, काम सुरू करण्यापूर्वी गाडी सुरू होत होती ना? मग गाडी उघडल्यापासून बंद करेपर्यंत ज्या ज्या वस्तूला हात लागला, त्यातच दोष आहे असं धरून चालायचं. ईसीयू पार्किंगमध्ये उभ्या उभ्या मरत नाही. मरतच नाही असं नाही, पण यादीत त्याचा नंबर शेवटचा.

हेड उतरवताना काय काय सुटतं बघा. इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्या), इंजेक्टरची रेल, कॉइल किंवा प्लगच्या वायरी, कॅम सेन्सरचं सॉकेट, कूलंट टेम्परेचर सेन्सरचं सॉकेट, हेडवर आवळलेली अर्थिंगची पट्टी, पाच-सहा व्हॅक्यूम पाइप, एअर फिल्टरपासून येणारा रबरी पाइप, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि अर्थातच टायमिंग, म्हणजे क्रँक (पिस्टनला जोडलेला खालचा मुख्य दांडा) आणि कॅम यांचा बेल्टने जुळवलेला मेळ. शिवाय हेड निघण्यासाठी हार्नेस ओढून बाजूला बांधलेला असतो, त्यात एखादी वायर ताणली गेली असेल तर तीही.

पी ०३४० बद्दल म्हणाल, तर मेकॅनिकने मधेच सॉकेट काढलेलं असताना सेल्फ मारून पाहिला असेल तरी तो कोड नोंदला जातो. कोड पुसा, पुन्हा सेल्फ मारा, परत येतो का बघा. आणि बऱ्याच गाड्या कॅम सेन्सर नसतानाही सुरू होतात, फक्त सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको. मधे निदान मिनिटभर थांबा. सेल्फची मोटर तापते, ते एक झालं. शिवाय न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली सम्पमध्ये (ऑइलच्या टाकीत) जातं आणि उरलेलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये.

सुसाट
एवढं कशाला? दोघांना मागून ढकलायला सांगा, दुसऱ्या गिअरला क्लच सोडा, होईल सुरू. जोडणीनंतर पहिल्यांदा असं करावंच लागतं.

तेलकट_हात
@सुसाट, भाऊ, नको. सेल्फने इंजिन व्यवस्थित फिरतंय. ढकलून तरी वेगळं काय होणार? धक्का मारायचा तो बॅटरी उतरली असेल तेव्हा. इथे नुकताच टायमिंग बेल्ट बदललाय. तो चुकीच्या दातावर बसला असेल आणि इंजिन इंटरफेरन्स प्रकारचं असेल, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. सेल्फच्या हळू फिरण्यात एखाद वेळी निभावून जाईल, गाडीच्या वजनाच्या झटक्याने व्हॉल्व्ह वाकतील आणि नुकतंच बसवलेलं हेड पुन्हा उतरवावं लागेल.

ओहम
अर्थिंगची पट्टी राहून जाणं हा हेडच्या कामातला नेहमीचा घोळ. नुसतं डोळ्यांनी बघून समजत नाही, कारण पट्टी लावलेली असते पण खाली रंग किंवा गंज असतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नाही, थेट खांबावर. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी आलं तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा वर गेलं तर अर्थ कच्चा आहे. तसं असेल तर सेल्फचा करंट वाट मिळेल तिथून परततो, गिअरच्या केबलमधून, सेन्सरच्या बारीक वायरीतून, आणि ईसीयूला सगळं वेडंवाकडं दिसायला लागतं.

त्याच वेळी बॅटरीचं व्होल्टेजही बघा. चार्ज झालेली बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. खूप खाली गेलं तर सेल्फ फिरतो, पण ईसीयू आणि कॉइल अर्धपोटी राहतात.

आणखी एक, फुकटातली चाचणी. इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना डोंगलवर कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर त्या सेन्सरचं सॉकेट लागलेलं नाही. ईसीयूला वाटतं बर्फात उभे आहोत, तो पेट्रोल ओतत सुटतो आणि प्लग भिजतात. (काही गाड्यांत ईसीयू दोष ओळखून स्वतःचा ठरावीक आकडा धरतो, तेव्हा कोडही बघा.)

मीपण_वाचतोय
वाचतोय. आमच्याकडे डिझेल फिल्टर बदलल्यापासून असंच आहे, इंजिन फिरतं पण सुरू होत नाही. इथेच विचारू की वेगळा धागा काढू?

तेलकट_हात
@मीपण_वाचतोय, तुमचं दोन ओळींत होईल. फिल्टर बदलताना लाइनमध्ये हवा शिरलीय. फिल्टरच्या डोक्यावर किंवा पाइपवर हाताने दाबायचा प्रायमर पंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, ब्लीड स्क्रू असेल तर त्यातून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. पंप इलेक्ट्रिक असेल तर सेल्फ न मारता चावी काही वेळा ऑन-ऑफ करा. कॉमन रेल इंजिनला रेलमध्ये साधारण दोनशे बारच्या आसपास दाब तयार झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडत नाही, आणि हवा असली की तो दाब तयार होत नाही. फिल्टरची रबरी रिंग दुमडली नाही ना तेही बघा. आता मूळ गाडीकडे येऊ.

चौथा_गिअर
तुम्ही सांगितलेलं सगळं करून आलो.

अर्थ: ०.१ च्या आसपास. बॅटरी: विश्रांतीत १२.५, सेल्फ मारताना १०.४. कूलंट आणि हवा, दोन्ही तापमानांत दोन अंशांचा फरक. कोड पुसला, पुन्हा आलेला नाही. सेल्फ मारताना डोंगलवर आरपीएम २२० ते २४० दिसतो. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून पंपाचा दोनेक सेकंद आवाज येतो. इमोबिलायझरचा (चोरीविरोधी कुलपाचा) दिवा नेहमीसारखा लागून विझतो.

प्लग काढले. चारही ओले, वास पेट्रोलचा. इंजेक्टरची सॉकेट काढून, पंपाचा फ्यूज काढून, स्पार्क टेस्टर लावून पाहिला. ठिणगी चारही ठिकाणी जोरदार, निळसर.

ओहम
मग माझं काम संपलं म्हणायला हरकत नाही. आरपीएम दिसतो म्हणजे क्रँक सेन्सर जिवंत आहे. ठिणगी आहे. प्लग ओले म्हणजे इंजेक्टर उघडतायत. ईसीयू हे सगळं करतोय म्हणजे तोही शाबूत. विजेच्या बाजूचं जवळपास सगळं निकालात निघालं. एकच राहिलं. प्लगच्या वायरी असतील तर त्यांचा क्रम तपासा. बहुतेक चार सिलिंडर इंजिनांचा १-३-४-२ असतो, पण तुमच्या गाडीचा पुस्तकात बघूनच खात्री करा.

चौथा_गिअर
प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे. सॉकेटच्या वायरींची लांबी अशी आहे की अदलाबदल करायची म्हटली तरी पोचणार नाहीत.

खडूस_म्हातारा
ठिणगी आहे, पेट्रोल आहे, बेल्ट नुकताच बदललाय. टायमिंग चुकलंय. एवढी चर्चा कशाला?

तेलकट_हात
माझाही कल तिकडेच आहे, पण कव्हर उघडण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) घ्या. गेज कोणाकडून तरी मिळेल. चारही प्लग काढा, इंजेक्टर आणि कॉइलची सॉकेट काढून ठेवा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारा. अ‍ॅक्सिलरेटर दाबला नाही तर आकडा खोटा येतो. पेट्रोल इंजिनला साधारण १० ते १४ बार यायला हवं, आणि चौघांत फार फरक नको. एकाच सिलिंडरचं कमी आलं तर व्हॉल्व्ह किंवा रिंग. शेजारशेजारच्या दोघांचं कमी आलं तर गॅस्केट त्या दोघांच्या मधे फुटलंय. चौघांचंही सारखंच कमी आलं तर टायमिंग.

चौथा_गिअर
गेज मिळाला. तुम्ही म्हणालात तसंच केलं. चारही सिलिंडर पाच ते साडेपाच बार. सारखेच. म्हणजे टायमिंगच?

खडूस_म्हातारा
मी काय म्हणत होतो?

पाना_बारा
+१. एखादा दात नाही, तीन-चार दात चुकलेले दिसतायत. क्रँकच्या चक्रीला वीस दात असतील तर एक दात म्हणजे १८ अंश. एका दाताने गाडी सुरू होते, फक्त दम नसतो. इतकं कमी कॉम्प्रेशन म्हणजे चांगलाच घोळ आहे. किंवा कॅम १८० अंशांत उलटा बसलाय.

ओहम
@पाना_बारा, शेवटचं पटलं नाही. क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कॅम एक. क्रँकची खूण दर फेऱ्याला वर येते. कॅमची खूण जुळली आणि क्रँकची जुळली की झालं, उलट-सुलट काही उरत नाही. '१८० अंश उलटं' हे डिस्ट्रिब्युटरच्या जमान्यातलं, डिस्ट्रिब्युटर उलटा बसायचा म्हणून. इथे प्लगवर कॉइल आहेत.

चौथा_गिअर
वरचं कव्हर काढलं. बावीसच्या पान्याने क्रँक हाताने फिरवला, घड्याळाच्या दिशेने, दोन पूर्ण फेरे. कुठेही अडकला नाही. कॅमच्या चक्रीवरची खूण हेडवरच्या खाचेसमोर बरोब्बर. खाली पुलीची खूण शून्यावर. बेल्टचा ताणही ठीक वाटतो. फोटो टाकलाय.

पाना_बारा
फोटोत तर जुळलेलंच दिसतंय. पण पुलीच्या खुणेवर जाऊ नका. बाहेरची कडी आणि आतला भाग यांच्यामधे रबर असतं. ते सुटलं की बाहेरची कडी सरकते आणि तिच्यावरची खूण खोटी पडते. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून प्लॅस्टिकची लांब काडी सोडा, धातूची नको. हळूहळू क्रँक फिरवत काडी सगळ्यात वर येते ती जागा पकडा. वर आल्यावर काही अंश काडी हलत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी खाली जायला लागते त्या जागा खूण करून मधली धरा.

चौथा_गिअर
केलं. मधली जागा पुलीच्या शून्यावरच येते. टायमिंग बरोबर आहे. आता पुढे? मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, हेड उतरवून व्हॉल्व्ह बघावे लागतील, फेसिंगवाल्याने गोंधळ घातला असणार.

खडूस_म्हातारा
चारही सिलिंडरचे व्हॉल्व्ह एकाच मापाने वाकले? नवलच आहे.

मधली_सुट्टी
इतका वेळ नुसती वाचत होते. हेड उतरवू नका. आधी एक आकडा द्या, मॅनिफोल्डच्या दाबाचा. डोंगलच्या अ‍ॅपमध्ये 'एमएपी' किंवा 'इनटेक मॅनिफोल्ड प्रेशर' असं असेल, किलोपास्कलमध्ये. तीन वेळा वाचा. आधी चावी ऑन, इंजिन बंद. मग अ‍ॅक्सिलरेटर न दाबता सेल्फ मारताना. मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारताना. पंपाचा फ्यूज काढून ठेवा म्हणजे आणखी पेट्रोल जाणार नाही.

कारण सांगते. कॉम्प्रेशन गेज सिलिंडर किती घट्ट आहे ते थेट सांगत नाही, आत आलेली हवा दाबून किती दाब झाला ते सांगतो. हवाच अर्धी आली तर व्हॉल्व्ह, रिंग, गॅस्केट सगळं नवंकोरं असूनही काटा अर्ध्यावर थांबेल, आणि चारही सिलिंडरमध्ये सारखाच थांबेल. गेजवर ते हुबेहूब चुकलेल्या टायमिंगसारखं दिसतं.

मॅनिफोल्डच्या दाबावर मात्र दोन्ही वेगळी दिसतात. टायमिंग चुकलेलं इंजिन नीट ओढत नाही, इनटेक उशिरा बंद झाला तर हवा मागे ढकलतं, त्यामुळे सेल्फ मारताना दाब बाहेरच्या हवेइतकाच राहतो. वाट बंद असेल तर इंजिन ओढतंय पण मागून हवा येत नाही, म्हणून दाब कोसळतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरही कोसळत असेल तर थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची पाकळी) निर्दोष, अडथळा त्याच्याही पलीकडे.

ओहम
ही चाचणी आवडली. एक पुरवणी. ज्यांच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरला केबल नाही, त्यांच्या काही गाड्यांत सेल्फच्या वेळी पेडल दाबलं तरी थ्रॉटल पूर्ण उघडेलच असं नाही. तिथे थ्रॉटल पोझिशनचा आकडाही सोबत बघावा. धागाकर्त्यांकडे केबल आहे, त्यामुळे प्रश्न नाही.

सुसाट
आणि सायलेन्सर तुंबला असेल तर? माझ्या मित्राच्या गाडीत कन्व्हर्टर बसला होता.

मधली_सुट्टी
तर उलटं होतं. जळलेली किंवा नुसती ओढलेली हवा बाहेर जाऊ शकत नाही, ती ओव्हरलॅपच्या वेळी (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दोन्ही उघडे असताना) इनटेकमध्ये परत येते आणि दाब खाली जातच नाही. संशय आला तर कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून सेल्फ मारायचा. तेवढ्या भोकातून वाट मिळाली तरी इंजिन कसंबसं पकडतं आणि कळून येतं. आधी आकडे येऊ द्या.

चौथा_गिअर
चावी ऑन: ९७. न दाबता सेल्फ: सुरुवातीला ९०, मग भराभर उतरत ४४. पूर्ण दाबून सेल्फ: ४८.

थ्रॉटलची पाकळी दाबल्यावर पूर्ण उघडते, डोंगलवर थ्रॉटलचा आकडाही वर जातो. एअर फिल्टर नवा आहे, त्याचा डबा उघडून पाहिला, स्वच्छ.

मधली_सुट्टी
पूर्ण उघड्या थ्रॉटलला ४८ म्हणजे इंजिन गुदमरलंय. फिल्टरचा डबा आणि थ्रॉटल यांच्यामधे काय आहे?

चौथा_गिअर
रबरी पाइप. जाड, वळ्या पडलेला, मधे जवळपास काटकोनात वळतो. बाहेरून कुठे चेपलेला नाही.

मधली_सुट्टी
थ्रॉटलकडची क्लिप सैल करून तो पाइप बाजूला करा. प्लग वाळवून बसवा. फ्यूज लावा. इंजिन आत्ता पेट्रोलने भरलेलं आहे, म्हणून पहिल्यांदा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. बऱ्याच गाड्यांत तसं केलं की ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो आणि आतलं बाहेर फेकलं जातं. मग पाय काढून नेहमीसारखा सेल्फ. तुमच्या गाडीत हवेचं माप मॅनिफोल्डच्या दाबावरून घेतलं जातं, म्हणून पाइप काढून चालवता येईल. ज्यांच्या पाइपमध्ये एअर मास सेन्सर असतो त्यांच्या गाडीत ही चाचणी इतकी सरळ नसते. उघड्या थ्रॉटलजवळ ढिला कपडा, बाही काही नको, आणि सुरू झाली की लगेच बंद करा.

चौथा_गिअर
सुरू झाली!!!

आधी धूर सोडला, खोकली, मग पकडली. बंद केली आणि पाइप हातात घेऊन वळणात बोटं घातली तर काहीतरी मऊ लागलं. पक्कडने ओढून काढलं. फडकं. निळ्या चौकड्यांचं, ऑइलने काळं पडलेलं, घट्ट गुंडाळी करून कोंबलेलं, आणि सेल्फच्या ओढीने वळणात जाऊन असं बसलेलं की फिल्टरच्या बाजूने टॉर्च मारला तरी दिसू नये. एक टोक पार चपटं होऊन पाइपच्या वळ्यांचे ठसे उमटलेत त्याच्यावर. फोटो टाकतोय.

खडूस_म्हातारा
घ्या. हेड फेसिंगला गेलं तेव्हा पाइपात कचरा जाऊ नये म्हणून कोंबलं असणार, आणि नंतर क्लिप आवळून मोकळा. कोंबण्यात वाईट काही नाही, कोंबायलाच हवं. पण मी नेहमी भडक रंगाचं फडकं घेतो आणि हातभर शेपूट बाहेर लोंबत ठेवतो, म्हणजे पाइप जोडायला गेलं की आपोआप आड येतं. टायमिंगबद्दल माझा अंदाज चुकला हे खरं.

पाना_बारा
मधली_सुट्टी ताई, दंडवत. एका आकड्याने हेड वाचवलं.

सुसाट
आणि ढकलली असती तरी सुरू झाली नसती, हेही आलं त्यात. :)

मीपण_वाचतोय
माझीही झाली सुरू. फिल्टरच्या झाकणाची रिंग एका जागी दुमडली होती, तिथून हवा ओढत होती. नवी रिंग टाकून प्रायमर दाबला. धन्यवाद तेलकट_हात.

तेलकट_हात
उत्तम. @चौथा_गिअर, आता घाई करून फिरायला निघू नका. ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. इतका सेल्फ मारल्यावर पेट्रोल ऑइलमध्ये उतरलेलं असणार. वास येत असेल, पातळी वर चढलेली असेल तर ऑइल आणि फिल्टर बदलूनच टाका. पातळ ऑइलवर बेअरिंग घासतात. हेडच्या कामानंतर ऑइल बदलायचंच असतं, कारण हेड उचलताना थोडं कूलंट खाली जातंच. मेकॅनिकने आधीच बदललं असलं तरी पुन्हा.

फडक्याचा एखादा तुकडा, धागा सुटून थ्रॉटलमध्ये गेलाय का तेही पाहा. कडा उसवलेल्या असतील तर थ्रॉटल बॉडी काढून मॅनिफोल्डच्या तोंडात टॉर्च मारून बघा.

पहिली काही मिनिटं पांढरा धूर येईल, घाबरू नका. एक्झॉस्टमध्ये सांडलेलं कूलंट आणि पेट्रोल जळतंय. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही येत राहिला आणि कूलंट उतरत गेलं तरच चिंता. कूलंटमधली हवा काढा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून. आणि झाकण गरम असताना उघडू नका.

चौथा_गिअर
फडक्याच्या कडा शाबूत आहेत, शिवलेल्या. ऑइलला वास होता, बदललं. पाइप साफ करून लावला. पुन्हा कॉम्प्रेशन घेतलं, चारही बाराच्या पुढे. सेल्फ मारताना पूर्ण दाबून दाब ९५ च्या खाली जात नाही.

मेकॅनिकला फोटो पाठवला. आधी 'हे माझं नाही' म्हणाला, मग थोड्या वेळाने स्वतःच फोन करून कूलंटची हवा काढायला येतो म्हणाला. मी वाद घातला नाही, हेडचं काम त्याने खरंच चांगलं केलंय.

एक उरलंय. आयडलिंग वर-खाली होतंय, नऊशे ते चौदाशे, झोके घेतल्यासारखं. दाब मोजणं आता सवयीचं झालंय म्हणून बघितला, आयडलला ४६ ते ५५ मधे नाचतो.

ओहम
गरम इंजिन, एसी बंद असताना आयडलला साधारण ३० ते ४० असायला हवं. ४६-५५ म्हणजे थ्रॉटलला वळसा घालून कुठूनतरी हवा आत येतेय. एखादा व्हॅक्यूम पाइप राहिलाय. ब्रेक बूस्टरचा, पीसीव्हीचा (इंजिनच्या आतले वायू परत इनटेकमध्ये नेणारा), पेट्रोलच्या वाफेच्या डब्याकडे जाणारा, तिन्ही बघा. बूस्टरचा सुटला असेल तर ब्रेक पेडलही दगडासारखं लागेल, त्यामुळे रस्त्यावर काढण्याआधी तेच आधी.

मधली_सुट्टी
आणि बॅटरी काढली होती ना? मग ईसीयू आयडलची शिकलेली जागा विसरलाय. पाइप जोडल्यावर इंजिन गरम करून एसी, दिवे बंद ठेवून दहाएक मिनिटं आयडलला सोडा, हात लावू नका. काही गाड्यांत चावीची ठरावीक पद्धत असते, ती पुस्तकात सापडेल. पण आधी पाइप, नाहीतर चुकीचंच शिकेल.

चौथा_गिअर
पीसीव्हीचा पाइप. व्हॉल्व्ह कव्हरच्या मागे खाली लोंबत होता, वरून दिसतच नव्हता. बोटाने चाचपत गेलो तेव्हा हाती लागला. जोडला, आता ३५ वर स्थिर. ब्रेक पेडल व्यवस्थित आहे. गाडी आयडलला सोडून ठेवलीय, पंखा एकदा लागून बंद झाला.